ग्रामर ताता

माणूस बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे पाहणारे वेगळे आणि त्याच्या तोंडातल्या क्रियापदाकडे पाहणारे वेगळे. आमचे ग्रामर ताता दुसऱ्या पंथातले. समोरून कुणी 'माय हाऊस फायर, सर!' असं ओरडत आलं, तर बादली शोधायच्या आधी ते त्या वाक्यातलं हरवलेलं 'इज ऑन' शोधतील. यात दुष्टपणा मुळीच नाही. बादलीही तेच आणतील, आणि सगळ्यांच्या आधी आणतील. फक्त वाक्य दुरुस्त झाल्यावर.

कानडीत आजोबांना ताता म्हणतात. हे नाव त्यांना शनिवारच्या वर्गातल्या मुलांनी दिलं. गृहसंकुलाच्या फाटकातून ते आत शिरले, की 'ग्रामर ताता बंद्रु!' अशी आरोळी उठते आणि मोठ्याने चाललेल्या गप्पा एकदम थांबतात. तातांना हा आपल्याविषयीचा आदर वाटतो.

देवनहळ्ळी हे बंगळूरच्या उत्तरेचं तालुक्याचं गाव. टिपू सुलतानाचा जन्म इथला, आणि चकोता नावाचं पपनसाच्या जातीचं थोराड फळही इथलंच. २००८ साली गावाशेजारी विमानतळ सुरू झाला आणि चकोत्याच्या व द्राक्षांच्या शिवारात फेज वन, फेज टू उगवायला लागले. सांगलीकडचा मुलगा घरी फोन करून सांगतो, 'बंगळूरला फ्लॅट घेतला.' आईवडील सामानसुमान घेऊन येतात तेव्हा त्यांना कळतं, की बंगळूर इथून आणखी पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे. मुलगा आणि सून सकाळी लॅपटॉपसमोर बसतात ते संध्याकाळीच उठतात. नातू शाळेत. मग निवृत्त माणसाने करायचं काय? काही जण बागेत हसण्याच्या क्लबात जातात. काही जण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा हिशेब मागतात. आमच्या तातांनी इंग्रजी शिकणाऱ्यांना आधार द्यायचं ठरवलं.

ताता मूळचे तासगावचे. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून चिकटले आणि ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले. खात्यात साहेब बदलत राहिले, पण मसुदा तातांचाच असायचा. 'विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट'ने उघडणारं आणि 'डू द नीडफुल'ने मिटणारं त्यांचं पत्र वाचून कंत्राटदार गार पडायचे, असं ते सांगतात. हे इंग्रजी त्यांनी कष्टाने मिळवलेलं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तातांच्या वाट्याला ते चांगलं उशिरा आलं, आणि आलं तेही तिसरी भाषा म्हणून. तर्खडकरांच्या पाठमाला त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरं राखता राखता पाठ केल्या. पुढे रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण हाती आलं आणि त्यांचा धर्म ठरला. यातल्या रेनसाहेबाने फ्रेंच फॉरेन लीजनमधल्या शिपायांवर साहसी कादंबऱ्याही लिहिल्या आहेत, 'बो जेस्त' त्याचीच. हे मी एकदा तातांना सांगितलं तर त्यांना ते पटलं नाही. व्याकरण लिहिणारा माणूस रिकामपणी असले धंदे करील, हे त्यांच्या मनाला शिवतच नाही.

इथे आल्यावर पहिले काही दिवस जड गेले. तासगावचा माणूस म्हणून मुलाने कौतुकाने 'बेंगळूर ब्लू' द्राक्षं आणली. जाड साल, आत गर वेगळा सुटणारा, वास उग्र. तातांनी एक तोंडात टाकलं आणि गिळावं की थुंकावं या विवंचनेत तसेच गॅलरीत उभे राहिले. पुढच्या आठवड्यात थांब्यावर 'विजयपुरा' पाटीची बस पाहून ते हरखले. विजापूरचं नाव २०१४ साली विजयपुरा झालं हे त्यांनी वाचलेलं होतं. देवनहळ्ळी तालुक्यात त्याच नावाचं दुसरं गाव आहे हे कुठे वाचलेलं नव्हतं. गोलघुमट पाहून संध्याकाळपर्यंत परत येऊ, असं आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगून ते बसमध्ये चढले. अर्ध्या तासात रेशमाच्या कोषांच्या बाजारात उतरले.

पण इंग्रजीच्या बाबतीत देवनहळ्ळी म्हणजे तातांना कुरणच सापडलं. पहिला बळी फाटकावरचा सुरक्षारक्षक. तो ओडिशाचा. त्याचं इंग्रजी नोकरीपुरतं, आणि नोकरीपुरतं पुरेपूर: 'सर, विच फ्लॅट? सर, ओटीपी?' एवढ्या दोन वाक्यांवर तो दिवसाला शेकडो माणसं आत सोडतो. तातांनी त्याला 'मे आय नो विच फ्लॅट यू विश टु व्हिजिट?' हे घोटवलं. चार दिवस फाटकावर गाड्यांची रांग लागली. पाचव्या दिवशी सोसायटीच्या सचिवांनी तातांना चहाला बोलावलं.

मग टॅक्सीवाले. 'सर, लोकेशन करेक्टा?' या प्रश्नावर ताता, 'इज द लोकेशन करेक्ट?' असं उत्तर देतात. ड्रायव्हरला वाटतं, हेच आपल्याला विचारताहेत. तो म्हणतो, 'करेक्ट, सर.' ताता म्हणतात, 'व्हेरी गुड.' दोघंही समाधानाने चुकीच्या फाटकाशी पोचतात.

इथल्या इंग्रजीचा स्वतःचा थाट आहे हे तातांनी कधी मान्य केलं नाही. 'देअर ओन्ली, सर' यातल्या 'ओन्ली'वर त्यांचा फार राग. 'का आलास?' असं विचारल्यावर 'सिम्प्ली, सर' असं सांगणारा पोरगा त्यांना उद्धट वाटतो. वास्तविक सहज, तुमची आठवण आली म्हणून, एवढं सगळं त्या एका शब्दात असतं. आणि शेवटचा 'उ'. कानडी जीभ व्यंजनावर शब्द सोडत नाही. बसचं बस्सु, कारचं कारु, रोडचं रोडु होतं. ताता शनिवारी तासातला निम्मा वेळ हा 'उ' छाटण्यात घालवायचे. 'बस्सु नाही, बस. से बस.' मुलं एका सुरात 'बस' म्हणायची आणि जाताना एकमेकांना 'बस्सु बंतु' म्हणून पळायची. तातांचा स्वतःचा 'झू'मधला झ थेट 'झाडा'मधून आलेला असतो, पण तो त्यांना ऐकू येत नाही. आपला उच्चार कुणाला ऐकू येतो?

शनिवारचा वर्ग हा सोसायटीचा उपक्रम. घरकामाला येणाऱ्या बाया, माळी, सफाईवाले यांची मुलं. आठवी ते दहावी. बहुतेक जण सरकारी कानडी माध्यमाच्या शाळेत. दहावीच्या गुणपत्रिकेत त्यांची पहिली भाषा कानडी, १२५ गुणांची. इंग्रजी द्वितीय भाषा, १०० गुणांची. म्हणजे तातांपेक्षा या मुलांना इंग्रजी एक पायरी वर मिळालं. या मुलांना इंग्रजी वाचता येतं, फळ्यावरून उतरवता येतं, धडेच्या धडे म्हणून दाखवता येतात. बोलायला मात्र कुणी विचारलेलं नसतं. दिवसभरात त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारणारं जग म्हणजे पेपर. आणि खिडकीबाहेर पाहिलं तर अख्खा विमानतळ. त्यातली प्रत्येक नोकरी, ट्रॉल्या गोळा करण्यापासून ते काऊंटरवर बसण्यापर्यंत, इंग्रजीचा पट्टा घालून उभी.

तेव्हा आधार हवा होता हे खरं. तातांनी तो दिला हेही खरं. अडचण एवढीच, की पोरगं बोलायला उभं राहून तोंड उघडतं तोवर तातांनी आपल्या मनात त्याचं वाक्य बांधलेलं असतं, आणि पोराच्या तोंडून वेगळंच काही आलं की त्यांना ते अतिक्रमण वाटतं.

एकदा ते वर्गाची सहल घेऊन देवनहळ्ळीच्या किल्ल्यात गेले. हा किल्ला मूळचा १५०१ सालचा मातीचा. दगडी रूप त्याला हैदर आणि टिपूच्या काळात आलं. म्हैसूरच्या फौजेने १७४९ साली याला वेढा घातला, त्यात हैदर अली नावाचा शिपाई पहिल्यांदा वरिष्ठांच्या नजरेत भरला. पुढच्याच वर्षी टिपू जन्मला. १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या फौजेने किल्ला घेतला. एवढा मसाला हाताशी असताना तातांनी त्यातून काय काढलं? कर्मणी प्रयोग. टिपूच्या जन्मस्थळाच्या खांबांपाशी उभं राहून 'टिपू वॉज बॉर्न हिअर' हे त्यांनी आळीपाळीने सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. मग तटावर चढून 'द ब्रिटिश कॅप्चर्ड द फोर्ट' याचं 'द फोर्ट वॉज कॅप्चर्ड बाय द ब्रिटिश' केलं आणि ते पुन्हा उलटं केलं. किल्ला त्या दुपारी कितीदा पडला याची गणती नाही.

गटात एक मुलगी होती, तिचं घर किल्ल्याच्या आतच आहे. आत अजून माणसं राहतात, देऊळ आहे, म्हशी आहेत. ती सारखी हात वर करत होती. शेवटी तातांनी परवानगी दिली. 'सर, माय हाऊस देअर ओन्ली, सर. नाईट...' इथपर्यंत आली. 'माय हाऊस इज देअर,' ताता म्हणाले, 'ओन्ली काढ.' तिने ओन्ली काढलं, इज घातलं, आणि खाली बसली. रात्री किल्ल्यात काय होतं ते आम्हा कुणालाच अजून कळलेलं नाही. मला त्याची हुरहुर आहे. तातांना नाही.

इथल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एक तरुण मिस आहेत. त्या बंगळुरातल्या ज्ञानभारतीच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमध्ये प्रशिक्षण घेऊन आलेल्या. १९६३ पासून ती संस्था दक्षिणेतल्या शिक्षकांना इंग्रजी शिकवायला शिकवते. मिसनी दोन शनिवार मागच्या बाकावर बसून तातांचा तास पाहिला आणि अतिशय अदबीने विचारलं, 'सर, तुम्ही प्रभूंचं नाव ऐकलंय का?'

तातांना वाटलं, सीकेपी कुणीतरी असणार.

हे एन. एस. प्रभू. मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करत होते. १९७९ साली त्यांनी, याच बंगळुरातल्या त्या संस्थेच्या साथीने, बंगळूर-मद्रासकडच्या काही साध्यासुध्या शाळांत एक प्रयोग सुरू केला आणि पाच वर्षं चालवला. इंग्रजीच्या तासाला व्याकरण सांगायचं नाही. वाक्यं घोकून घ्यायची नाहीत. मुलांपुढे एक कोडं टाकायचं: हा नकाशा, अमक्या ठिकाणाहून तमक्या ठिकाणी कसं जाशील? हे रेल्वेचं वेळापत्रक, एवढ्या वाजता पोचायचं तर कोणती गाडी धरशील? आधी एक कोडं सगळ्यांनी मिळून मास्तरांबरोबर सोडवायचं, मग तसंच दुसरं ज्याचं त्याने. तपासायचं ते उत्तर. पोराने मोडक्या वाक्यात बरोबर गाडी सांगितली, तर गाडी बरोबर. मास्तर तेच वाक्य आपल्या तोंडाने नीट म्हणून पुढे सरकणार, वर्ग थांबवणार नाही. प्रभूंचं म्हणणं असं, की मन अर्थात गुंतलेलं असलं की व्याकरण आतल्या आत आपली जागा घेतं. १९८७ साली ऑक्सफर्डने त्यांचं यावरचं पुस्तक काढलं. शिक्षणशास्त्रात हा 'बंगलोर प्रोजेक्ट' जगभर शिकवतात, त्यावर भांडतात, तो मोजून पाहतात. ज्या गावाच्या नावाने तो ओळखला जातो तिथल्या शाळांत मात्र पोरं अजून 'गो, वेंट, गॉन' म्हणताहेत.

तातांनी सगळं ऐकून घेतलं. 'म्हणजे व्याकरण नाही,' ते म्हणाले. 'मग मास्तर तासभर करतो काय?'

मिस म्हणाल्या, 'वाट बघतो, सर.'

हे उत्तर तातांना बेजबाबदार वाटलं. पण नवीन गोष्ट करून पाहण्यात ते मागे राहणारे नव्हेत. खात्यात पहिला इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर त्यांच्याच टेबलावर आला होता. पुढच्या शनिवारी ते वेळापत्रक छापून घेऊनच आले. चिक्कबळ्ळापूरहून देवनहळ्ळीमार्गे बंगळूरला जाणारी गाडी आहे, आणि २०२१च्या जानेवारीपासून विमानतळाजवळ एक लहानसा हॉल्टही झाला आहे. कोडं मिसनी घालून दिलेलं: चिक्कबळ्ळापूरच्या मामाला सकाळचं विमान पकडायचंय, बरोबर दोन बॅगा. त्याने कशाने यावं?

त्यानंतरची दहा मिनिटं मी प्रत्यक्ष पाहिली म्हणून विश्वास ठेवतो. आधी शांतता. मग कोपऱ्यातून एक आवाज आला, 'सर, ट्रेन नो यूज.'

'व्हाय नो यूज?' दुसरा.

'एअरपोर्ट हॉल्ट गेट डाऊन. अगेन बस्सु. मामा बॅग टू. बॅग डाऊन, बॅग अप, अगेन डाऊन. मामा बॅक पेन.'

'बस्सु ऑल्सो चेंज. हायवे गेट डाऊन.'

'मामा टॅक्सी टेक!'

'टॅक्सी मनी हू गिव्ह? यू गिव्ह?'

'प्लेन टिकेट मनी देअर, टॅक्सी मनी नॉट देअर? व्हॉट मामा!'

वर्ग हसून लोटपोट झाला. किल्ल्यातली मुलगी उभी राहून म्हणाली, 'सर, मामा नाईट कम. अवर हाऊस स्लीप. मॉर्निंग माय ब्रदर बाईक ड्रॉप. वन बाईक मामा, वन बाईक बॅग.' प्रश्न सुटला होता. रेल्वे, बस, टॅक्सी या तिन्हींचा विचार करून, खर्च धरून, मामाच्या कंबरेची काळजी घेऊन सुटला होता, आणि सगळा इंग्रजीत सुटला होता. मागच्या बाकावर मिसचे डोळे लकाकत होते.

तातांचं बोट वर गेलं.

'मामा *हॅज* टू बॅग्ज,' ते म्हणाले.

वर्ग गप्प. तातांनी फळ्यावर लिहिलं. मामा हॅज टू बॅग्ज. हॅज मामा टू बॅग्ज? मामा हॅज नॉट टू बॅग्ज. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मामाचं विमान गेलं ते गेलंच.

नंतर मी विचारलं, तेव्हा तातांचं उत्तर तयार होतं. 'अहो, चूक तशीच राहिली तर मुरेल ना! उद्या इंटरव्ह्यूला हसं होईल पोरांचं.' या इंटरव्ह्यूच्या भीतीवर तातांची सगळी इमारत उभी आहे. आणि ती भीती मुलांनाही असते, म्हणून तर ती येतात.

तेव्हा एका इंटरव्ह्यूची हकिगत सांगतो. माळ्याचा थोरला मुलगा बारावी होऊन विमानतळावर सामानाच्या विभागात लागायच्या खटपटीत होता. तातांनी त्याला 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ'चं उत्तर स्वतः लिहून दिलं. एक पान, दोन्ही बाजू. त्यात 'आय हेल फ्रॉम अ मॉडेस्ट ॲग्रिकल्चरल बॅकग्राऊंड' होतं, 'आय बेग टु स्टेट' होतं, शेवटी 'आय शॉल रिमेन एव्हर ग्रेटफुल' होतं. पोराने पंधरवडाभर ते पाठ केलं. गुरं धुताना, रांगेत उभं राहताना, अंघोळ करताना. त्याच्या धाकट्या बहिणीलाही ते पाठ झालं. तिने ते शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत म्हणून बक्षीस आणलं. प्रत्यक्ष इंटरव्ह्यू असा झाला:

'नाईट शिफ्ट ओके?'

'ओके सर.'

'बाईक?'

'देअर, सर.'

'हाऊस?'

'विजयपुरा, सर. निअर ओन्ली.'

'मंडे कम.'

पोरगा लागला. तातांनी पेढे वाटले आणि 'पाठांतराचा फायदा' सगळ्यांना समजावून सांगितला. ते पान त्याने अजून जपून ठेवलंय, पाकिटात, आधार कार्डामागे. आता तो टर्मिनलबाहेर उभं राहून परदेशी प्रवाशांना बसची वाट दाखवत 'वायुवज्र दॅट साइड, मॅडम, केआयए नाइन, मॅजेस्टिक गोइंग' असं सांगतो. मॅडम मॅजेस्टिकला पोचतात.

आता काकूंबद्दल. काकूंना इंग्रजी येतं असं तातांचं मत नाही, काकूंचंही नाही. वर्ग संपल्यावर मुलं त्यांच्या स्वयंपाकघरापाशी रेंगाळतात. कधी पोहे, कधी इथे शिकलेला चित्रान्ना. कानडी भाषा काकूंनी अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, एका मोसमात उचललं. भाजीवालीशी 'जास्ती आयतु, कडिमे माडि', म्हणजे 'जास्त झालं, कमी करा', एवढ्यावर सुरुवात झाली आणि आता त्या भाजीवालीच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं जाणून आहेत. मुलांना त्या अज्जी. मुलं त्यांच्याशी इंग्रजी बोलतात, कारण ताता आतल्या खोलीत असतात आणि अज्जींना खरोखरच ऐकायचं असतं.

'मदर नॉट कम व्हाय? फीवर?'

'नो, अज्जी. सिल्क वर्क. वर्म ईटिंग टाइम.'

'वर्म नाईट ऑल्सो ईट?'

'नाईट ऑल्सो, अज्जी. फुल नाईट. लीफ पुट, लीफ पुट. मदर नो स्लीप. साउंड कम्स, लाइक रेन.'

आतून ताता ऐकत होते. बोट वर उचलून दारापर्यंत आले आणि थबकले. 'साउंड कम्स' यात काहीही चूक नव्हती. दोन्ही शब्द उलटसुलट तपासून पाहिले. बोट खाली घ्यायचं कसं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तेच बोट पुढे करून एक पोहे मागितले.

घरात हाच खेळ उलट्या बाजूने चालतो. नातवाची पहिली भाषा इंग्रजी, मराठी दुसरी. 'आजोबा, माझा बॉटल कुठे गेला?' असं म्हणाला की 'माझी बाटली कुठे गेली' हे तीनदा म्हणून घ्यायचं. हल्ली नातू तातांशी इंग्रजीत बोलतो आणि मराठीतलं सगळं आजीला सांगतो. हे फक्त देवनहळ्ळीत होतं असं नाही. न्यू जर्सीच्या तळघरात भरणाऱ्या मराठी शाळांनाही विचारा. नातवंडांची मराठी सुधारता सुधारता त्यांची बोलती बंद करणारे आजोबा तिथेही आहेत, आणि त्यांचाही हेतू उत्तमच असतो.

एवढं सगळं लिहून तातांवर अन्याय होतोय हे मला माहीत आहे, कारण त्यांची दुसरी बाजू मोठी आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज आला की ताता वेगळेच होतात. इथल्या मुलांच्या नावांची अडचण ऐका: शाळेत नावापुढे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, बँकेत आद्याक्षर पुढचं मागे. तीन कागदांवर तीन मुली, आणि पैसे एकीचेही जमा होत नाहीत. जात-उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, शाळेचं पत्र, पोर्टलवर चढवायची ठरावीक आकाराची फोटोप्रत. हे पाहून मुलांच्या आया रडकुंडीला येतात आणि तातांच्या चेहऱ्यावर तेज येतं. 'विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट' इथे अचूक बसतं. 'डू द नीडफुल' वाचून पलीकडचा माणूस खरोखरच नीडफुल करतो. ताता मुलीला घेऊन सकाळी काऊंटरवर जाऊन बसतात, कानडी येत नसताना बसतात, डबा घेऊन बसतात, आणि काम झाल्याशिवाय उठत नाहीत. रांगेत ती मुलगी त्यांना कायकाय सांगते, 'सर, माय फादर ड्रिंक, सर,' असलंही सांगते; आणि हातात फाईल असल्यामुळे की काय, तिथे त्यांचं बोट वर जात नाही.

किल्ल्यातल्या मुलीची शिष्यवृत्ती अशीच, तिसऱ्या खेपेला जमा झाली. ती आता देवनहळ्ळीतच कॉमर्सला आहे.

मिसनी आणि काकूंनी मिळून आता वर्गाची फेररचना केली आहे. ताता शेजारच्या खोलीत फॉर्मच्या टेबलावर बसतात. दार बंद असतं. वर्गात कोडी चालतात. तातांना सांगण्यात आलंय, की कार्यालयीन काम वाढल्यामुळे त्यांना तिकडे बढती दिली आहे. हे ऐकून त्यांनी स्वतःच्या खर्चाने रबरी शिक्का करून आणला.

तुमच्या सोसायटीतही असा एखादा ताता असेलच. त्याला शोधा, त्याला टेबल द्या, शिक्का द्या, फायली द्या. खडू तेवढा काढून घ्या. आणि कधी देवनहळ्ळीकडून विमान पकडणार असाल, तर शनिवारी सकाळी थोडं आधी निघा आणि आमच्याकडे या. मुलांना बोलायला माणसं कमी पडतात. तुमचं इंग्रजी मोडकं असलं तर उत्तमच; चांगलं असलं तरी चालेल, फक्त मुलांना कळू देऊ नका.